गाडी थंड असताना

आमची गाडी पहिल्यांदा तापली ती जूनमधल्या एका रविवारी. आम्ही द्वारकेहून सरोजिनी नगरला निघालो होतो. बाबांच्या जुन्या शेजाऱ्यांच्या मुलाकडे सत्यनारायण होता. मी गाडी चालवत होते, शेजारी बाबा, मागे आई. आईने ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती आणि मांडीवर पंचखाद्याचा डबा धरला होता. विमानतळाजवळच्या पुलाखाली गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. अचानक एसीतून गरम वारा यायला लागला. मला वाटलं, गॅस संपला असेल. बाबांनी मात्र वाकून तापमानाच्या काट्याकडे बघितलं.

"एसी बंद कर," ते म्हणाले. "खिडक्या उघड आणि हीटर लाव. पूर्ण."

"हीटर? बाबा, बाहेर चव्वेचाळीस आहे."

"लाव म्हणतो ना. इंजिनाची उष्णता हीटर ओढून घेतो. काटा खाली येतोय का बघ."

दिल्लीच्या जूनमध्ये, भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून आणि हीटर लावून जाणारं कुटुंब बघायला मिळणं दुर्मीळच असावं. शेजारच्या गाडीतल्या बाई आमच्याकडे टक लावून बघत होत्या. आई मागून एवढंच म्हणाली, "माझं पंचखाद्य भाजून झालंय गं, पुन्हा नको." पण काटा खरंच जरासा उतरला. तेवढ्यात मी गाडी सर्व्हिस लेनमध्ये घेतली आणि बॉनेटखालून वाफ निघाली.

झाकणाला कोणी हात लावायचा नाही, असं बाबांनी बजावलं. आम्ही तिघं पाऊण तास एका कडुलिंबाखाली उभे राहिलो. मग मी फडक्याने धरून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि प्यायच्या पाण्याच्या होत्या नव्हत्या त्या बाटल्या आत ओतल्या. बाबा बाजूला उभे राहून सांगत होते, "आता खाली दाब आणि फिरव. पहिल्या खाचेवर अडकेल, तिथे थांबू नकोस. आणखी पुढे. कट्ट झालं पाहिजे." झालं. आम्ही पूजेला न जाता घरी परतलो.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते तरुणपणी साताऱ्याहून दिल्लीला आले आणि केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. आयुष्य ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहण्यात गेलं. त्यांनी काढलेली रेघ बघून साहेब लोक पट्टी कुठली वापरली विचारत, आणि पट्टी वापरलेलीच नसे. घरातलं फ्यूज, नळ, शिलाई मशीन, सगळं त्यांच्याकडे. गाडी तर त्यांचीच. मला चालवायला त्यांनीच शिकवलं. मी नोकरी करते ती एका मंत्रालयात, एकटी आहे, आणि आईबाबा माझ्याकडे राहतात. किंवा त्यांच्या मते मी त्यांच्याकडे राहते. गाडी तेरा वर्षांची. दिल्लीत पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांनंतर रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून बाबा तिला रिटायरमेंटला आलेल्या क्लार्कसारखं सांभाळत. रोज सकाळी चहा झाला की ते खाली पार्किंगमध्ये जात, बॉनेट उघडत, तेल बघत, पाणी बघत. कूलंटची, म्हणजे या पाण्याची, वेगळी बाटली असते, तिच्यावर खुणा असतात, पण बाबांचा तिच्यावर विश्वास नव्हता. "बाटली खोटं बोलते," ते म्हणत. रेडिएटरचं झाकण उघडून आत डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

आमच्या सेक्टरच्या मार्केटमागे एका मिस्त्रीचं छोटं गॅरेज आहे. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. चार-पाच वर्षं गाडी त्याच्याकडेच जायची. दुसऱ्या दिवशी मी ती त्याच्याकडे नेली. त्याने इंजिन चालू ठेवलं, पंखा फिरतो का बघितलं. मग मला जवळ बोलावून रेडिएटरला जोडलेले दोन जाड रबरी पाइप दाखवले. वरच्या पाइपाला हात लावा म्हणाला. चटका बसला. खालच्याला लावा म्हणाला. तो जेमतेम कोमट होता.

"पानी घूम नहीं रहा, मॅडम," तो म्हणाला. इंजिन गरम झालं की आतली एक झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. ती नीट उघडत नव्हती. त्याने ती बदलली, मला शेजारी बसवून अर्धा तास गर्दीतून गाडी फिरवली. काटा मधोमध राहिला. मी खूश होऊन घरी आले.

चौथ्या दिवशी धौला कुआंच्या अलीकडे पुन्हा काटा चढला. ऑफिसात महत्त्वाची मीटिंग होती. मी घामाने चिंब, हातात पाण्याच्या बाटल्या, दीड तास उशिरा पोचले. साहेबांनी फक्त घड्याळाकडे बघितलं. ते मला लागलं.

मिस्त्रीने आता रेडिएटर खोलून धुतला. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने आत चुनखडीसारखा थर धरला होता, तो त्याने मला दाखवलाही. पुन्हा चाचणी, पुन्हा सगळं ठीक. आणि आठवड्याच्या आत गाडी पुन्हा तापली. या वेळी सोसायटीच्या गेटापासून दोन किलोमीटरवर.

मी तिथूनच तडक गॅरेजवर गेले. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी त्याला म्हटलं, की तुम्हाला काम येत नसेल तर तसं सांगा, आणि येत असेल तर मग तुम्ही आम्हाला फसवताय. एकटी बाई गाडी आणते म्हणून काहीही खपवायचं, असं समजू नका. हिंदीत भांडताना माझा आवाज आपोआप वर जातो. तो पान्याने काहीतरी कसत होता. त्याने पाना खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "एक बार और देख लूँ?"

"काही गरज नाही," मी म्हटलं आणि निघाले.

मग मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे काचेची खोली, थंड हवा, कॉफीचं मशीन. अर्ध्या तासाने इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण टॅब्लेट घेऊन आला आणि म्हणाला, हेड गॅसकेट गेलेली दिसते, इंजिन उघडावं लागेल. मी विचार करते म्हणून परत आले.

बाबांनी ऐकलं आणि ते उठलेच. "चल खाली." पार्किंगमध्ये त्यांनी मला तेलाची पट्टी ओढायला लावली. "बघ. गॅसकेट गेली की पाणी तेलात मिसळतं, तेल दुधाच्या चहासारखं होतं. हे तसं आहे? मागून पांढरा धूर येतो? नाही ना? मग इंजिन कशाला उघडायचं?"

"मग काय झालंय, तुम्हीच सांगा."

"ते मला कळत असतं तर सांगितलं नसतं का?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते फार थकल्यासारखे दिसले. गाडीला टेकून उभे होते. लिफ्टकडे जाताना पाय जरा ओढत चालले. गुडघे, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता दाराची बेल वाजली. दारात मिस्त्री उभा होता.

"मी बोलावलंय त्यांना," बाबा आतून म्हणाले. "परवा फोन केला होता."

मिस्त्री माझ्याशी नेहमीसारखाच वागला, ना घुश्शात, ना गुळगुळीत. म्हणाला, आजवर गाडी त्याने बघितली ती तापून बंद पडल्यावरच. आणि दर वेळी मी वाटेत पाणी भरून, झाकण लावूनच त्याच्याकडे नेत होते. त्याला ती एकदा रात्रभर उभी असलेली, थंड, कोणी हात न लावलेली बघायची होती. आईने चहा केला. घेतल्याशिवाय ती कोणाला सोडत नाही. तो बाबांसमोर बसला आणि हळूहळू चहा प्यायला. बाबा कप दोन्ही हातांनी धरून पीत होते. मिस्त्री त्या हातांकडे बघत होता हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मला एवढंच वाटलं, की हा माणूस आमच्या घरात बसून किती निवांत चहा पितोय.

खाली गेल्यावर त्याने बॉनेट उघडलं आणि कशालाही हात न लावता नुसता उभा राहिला. मग कूलंटच्या बाटलीकडे बोट केलं. ती काठोकाठ भरलेली होती, बाहेर ओघळही सुकलेले. त्याने रेडिएटरच्या झाकणावर दोन बोटं ठेवली आणि अगदी हलकेच फिरवलं. ते विनाअडथळा निघून आलं. आत टॉर्च मारला. रेडिएटर निम्मा रिकामा होता.

"बोतल भरी है, रेडिएटर खाली है," तो म्हणाला. मग त्याने मला समजावलं. झाकण घट्ट बसलं तरच आत दाब राहतो, आणि दाब राहिला तरच पाणी लवकर उकळत नाही. सैल असेल तर उकळलेलं पाणी बाटलीत पळतं आणि थंड झाल्यावर परत आत ओढलं जात नाही. थंडीत हे कळलंही नसतं. जूनमध्ये, एसी लावून, गर्दीत, मग गाडी तापणारच. थर्मोस्टॅट खराब होता, रेडिएटरही चोंदला होता, ते त्याने दाखवलं होतं ते खरंच होतं. पण मूळ दुखणं हे.

"मी तर नीट लावलं होतं," मी म्हटलं.

"मैंने भी," तो म्हणाला. "उसके बाद किसने खोला?"

"मी," बाबा म्हणाले. "रोज सकाळी उघडतो, पाणी उतरलेलं असलं तर भरतो. रोज लावतो."

मिस्त्रीने झाकण त्यांच्यासमोर धरलं. "बाऊजी, ज़रा लगाकर दिखाइए."

बाबांनी झाकण घेतलं. ते तोंडावर बसवताना दोनदा घसरलं. मग त्यांनी तळव्याने दाबलं, फिरवलं आणि हात काढला. "झालं," ते म्हणाले.

ते पहिल्या खाचेवर होतं. मला दिसत होतं, मिस्त्रीलाही दिसत होतं. बाबांना खरंच वाटत होतं की ते बसलंय. मिस्त्रीने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, दोघांचा मिळून दाब दिला आणि पुढे फिरवलं. कट्ट आवाज झाला.

बाबा आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मिस्त्रीशी ते नेहमी हिंदीत बोलत, पण आता मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला कळतच नाही गं, ते बसलंय की नाही. बोटांना काही लागतच नाही."

मिस्त्रीला मराठी येत नाही. पण तो लगेच म्हणाला की झाकणाचं रबरही जुनं झालं आहे, नवीनच टाकू. खिशातून त्याने नवं झाकण काढलं. ते त्याने बरोबर आणलं होतं म्हणजे त्याला आधीच शंका असणार. बाबांना तो म्हणाला, "इसमें आपकी गलती नहीं, बाऊजी, रबर की है." ते अर्धं खरं होतं. बाबांनी मान हलवली आणि ते वर गेले.

मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेले. माफी मागायची होती, पण त्याआधी तोच बोलला. म्हणाला, गॅरेज मुळात त्याच्या मोठ्या भावाचं. कामही भावानेच शिकवलं. सहा वर्षांपूर्वी भावाच्या हातून नट-बोल्ट पडायला लागले. शर्टाची बटणं लावता येईनात. घरच्यांना वाटलं, वय झालं, दिवसभर लोखंड उचलतो, हात दमतात. मग चाल बिघडली. डॉक्टरकडे गेले तोवर उशीर झाला होता. आता भाऊ खुर्चीत असतो.

"गर्दन की नस थी, मॅडम," तो म्हणाला. "बाऊजी का भी वही हो, ये मैं नहीं कहता. पर दिखा दीजिए. जल्दी."

वर आले तर आई स्वयंपाकघरात उभी होती. मी तिला विचारलं, बाबांच्या शर्टाची बटणं कोण लावतं? ती गॅस बारीक करत राहिली. मग म्हणाली, "मीच लावते. होळीपासून. तुला सांगू नको म्हणाले."

होळीपासून. म्हणजे तीन महिने. त्यांनी शर्ट सोडून टी-शर्ट घालायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांची चेष्टा केली होती, की बाबा, आता तरुण व्हायला लागलात. बँकेचा फॉर्म त्यांनी मला भरायला सांगितला तेव्हा मी कंटाळले होते. गाडीच्या काट्याकडे मी महिनाभर डोळ्यांत तेल घालून बघत होते, आणि समोर बसून जेवणाऱ्या माणसाने पोळी तोडायचं सोडून वरणभात कालवायला सुरुवात केली होती, तो भातही चमच्याने खायला लागला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

डॉक्टरांनी बाबांना भराभर मुठी उघडमीट करायला सांगितल्या. ते बघणं मला जड गेलं. बोटं चिखलातून वर काढावीत तशी उघडत होती. एक सरळ रेघ आहे असं समजून तिच्यावर चाला म्हणाले. बाबा दोन पावलांत भिंतीला टेकले. एमआरआय झाला. मानेच्या मणक्यांमधली जागा आवळत जाऊन मज्जारज्जूवर दाब येत होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून दाब काढता येईल. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, पण जाणारं थांबेल.

बाबा नको म्हणाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मान उघडून घ्यायची नाही, जेवढे दिवस आहेत तेवढे असेच. मी समजावलं, चिडले, रडले. आठ दिवस ते हलले नाहीत. शेवटी एका संध्याकाळी आई त्यांच्या शर्टाची बटणं काढत असताना शांतपणे म्हणाली, "बटणं मी जन्मभर लावीन. पण उद्या उचलून न्यायची वेळ आली तर माझ्याच्याने उचलवणार नाही. तेवढा विचार करा."

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "तारीख घे."

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी मी गॅरेजवर गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळी गेले. भांडले होते चारचौघांत, तर माफीही चारचौघांत मागावी, असं ठरवलं होतं. मी म्हटलं, मी तुम्हाला फसवणारा म्हणाले, ते चूक होतं, सगळ्यांसमोर सांगते. तो अवघडला. हात फडक्याला पुसत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर ने क्या कहा?" मी सांगितलं. त्याने बारकाईने विचारलं, कुठून कापणार, किती दिवस पट्टा, फिजिओथेरपी कधीपासून. भावाच्या वेळचं सगळं त्याला पाठ होतं. रुग्णालयात जायच्या दिवशी गाडी चालवणं मला जमेल असं वाटत नव्हतं. ते मी बोलले नव्हते, तरी त्या सकाळी तो हजर झाला आणि गाडी त्यानेच चालवली.

ऑपरेशन नीट झालं. बाबा दीड महिना गळ्यात पट्टा घालून बसून होते आणि त्या काळात त्यांनी आम्हा दोघींना भरपूर छळलं. फिजिओथेरपीवाली मुलगी पिवळा मऊ गोळा दाबायला द्यायची, तो ते भिंतीवर फेकायचे. पण चाल हळूहळू सुधारली. उजव्या हाताची पकड बरीचशी आली. डाव्या हाताची दोन बोटं बधिर राहिली, ती तशीच राहतील असं डॉक्टर म्हणाले. मोठी बटणं ते स्वतः लावतात. कॉलरचं आई लावते.

दिवाळीत आईने फराळाचा एक डबा मिस्त्रीच्या घरी द्यायला काढला. बाबा म्हणाले, मीपण येतो. घर उत्तम नगरच्या एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. बाबा कठड्याला धरून, मध्ये एकदा थांबून चढले. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मिस्त्रीचा भाऊ खुर्चीत बसला होता. रुंद खांद्यांचा माणूस, मांडीवर उशी आणि उशीवर दोन्ही हात ठेवलेले, कोणी तरी ठेवून दिल्यासारखे. बाबा त्याच्या शेजारी स्टुलावर बसले. मला वाटलं, आजाराचं बोलतील. पण त्या माणसाने विचारलं, गाडी कुठली, किती चालली, आवाज कसा येतो. बाबांनी तोंडाने आवाज काढून दाखवला. तो हसला आणि म्हणाला, बेल्ट बघा, पुढच्या उन्हाळ्याआधी बदलून घ्या. असे दोघं तासभर बोलत होते. मिस्त्रीने चकली मोडून भावाला भरवली, मग बाबांसमोर ताटली धरली. बाबांनी आपल्या हाताने चकली उचलली आणि ती खाताना त्यांना संकोच वाटत होता, ते मला दिसलं.

आम्ही परत निघालो. मेट्रोच्या खांबांखालून आम्ही सिग्नलमागून सिग्नल द्वारकेकडे येत होतो.

"केवढा असेल गं तो?" त्यांनी विचारलं.

"बासष्ट वर्षांचा आहे, असं मिस्त्री म्हणाले."

"माझ्याहून बारा वर्षांनी लहान," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा येऊ. त्याला बोलायला कोणी नाहीये."

तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदोनदा जातो. मी खाली गाडीत बसून ऑफिसचे फोन करते, आणि बाबा जिना चढून वर जातात.